निळी किती पिते?

निळी बोट तासाला किती डिझेल पिते, हे शोधून काढायचं काम भाऊजींकडे आलं ते त्यांच्या हुशारीमुळे नव्हे. सासरच्या अख्ख्या गोतावळ्यात बोटींवर अजिबात प्रेम नसलेला माणूस तेवढा एकच होता.

हे वहिनींनी, म्हणजे मेहुण्याच्या बायकोनं, तोंडावरच सांगितलं.

"तुमच्या मेहुण्याला विचारलं तर तो म्हणणार, काहीच पीत नाही. बोटीच्या मालकाला विचारलं तर तो म्हणणार, नुसत्या वासावर चालते. तुम्हाला धक्क्यावर उभं राहिलं तरी मळमळतं. तुम्ही कशाला खोटं बोलाल?"

हा सन्मान की अपमान, याचा भाऊजींनी घटकाभर विचार केला आणि सन्मान असं ठरवलं. लग्न झाल्यापासून सासरी त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. जेवणाच्या वेळी जाळी, वारे, भरती यांवर वादावादी चाले आणि भाऊजींना कुणीतरी म्हणे, "तुम्ही घ्या हो, भात घ्या." भात घेणं हा त्यांचा सासरच्या चर्चेतला एकमेव सहभाग होता.

आता मेहुण्याला स्वतःची बोट घ्यायची होती. आजवर दुसऱ्यांच्या बोटी चालवून त्यानं नाव काढलं होतं. धक्क्यावर दोन बोटी विकाऊ होत्या. निळीचं इंजिन दांडगं, मासळी ठेवायची जागा ऐसपैस, आणि नाक असं वर केलेलं की बांधून ठेवलेली असतानाही ती निघाल्यासारखी वाटे. हिरवी तिच्यापेक्षा लहान, इंजिनही लहान, आणि चाल पोटुशी म्हशीची. दोन्ही खोल समुद्रात जाऊन चार-पाच दिवस राहू शकत होत्या. मेहुण्याचा जीव कुणावर जडला होता ते सांगायला नको. तो निळीचं नाव घेताना आवाज खाली आणायचा.

वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या वडिलांचीही एक बोट होती. वादळात गेली नाही, खडकावर आपटली नाही. डिझेलनं खाल्ली. समुद्रात जाऊन जे मिळायचं ते टाकीतच जायचं. मग जाणं कमी झालं, मग थांबलं, आणि बोट धक्क्याला बांधलेली राहिली ती फळ्या उकलेपर्यंत. वहिनींचं बालपण तिच्याकडे खिडकीतून बघण्यात गेलं.

"निळी घ्या, हिरवी घ्या," वहिनी म्हणाल्या, "पण खिडकीतून बांधलेली बोट मला आणखी एकदा बघायची नाही. भाऊजी, आकडा आणा. आणि लिटरमध्ये नको, बादल्यांत सांगा. डोळ्यासमोर येतं."

आकडा पहिला, दुसरा, तिसरा आणि चौथा

हे चारही आकडे शेजाऱ्यांचे असल्यामुळे एकत्रच उरकलेले बरे.

भाऊजींच्या खालच्या मजल्यावर ॲव्हरेजकाका राहत. ते आपल्या स्कूटरचं ॲव्हरेज रोज सकाळी, विचारलं नाही तरी, जिन्यात सांगत. भाऊजींनी त्यांना विषय सांगितला आणि काका पायरीवर बसलेच.

"किलोमीटरला किती पिते?"

"काका, समुद्रात तासावर मोजतात."

"म्हणजे उभी राहिली तरी पिते?"

"इंजिन चालू असेल तर उभी राहिली तरी."

काका गंभीर झाले. "उभ्या उभ्या पिणारी वस्तू मी तर दारात येऊ देणार नाही," ते म्हणाले. तरी जाताना एक आकडा देऊन गेले. तो स्कूटरच्या ॲव्हरेजला बोटीच्या लांबीनं गुणून आला होता.

समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी शिडाची बोट घ्या म्हणून सांगितलं, म्हणजे आकडा शून्य. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं "मोठं इंजिन, मोठं तोंड" एवढं म्हणून बोटांनी पाच दाखवले. पाच काय, ते सांगितलं नाही. चौथा आकडा खुद्द निळीच्या मालकाचा. तो शेजारी नव्हे, पण विकायच्या वस्तूचा मालक हा गिऱ्हाइकाच्या शेजाऱ्याहून जवळ येऊन बसतो. मालक म्हणाला, "साहेब, ही पीत नाही. ही चाखते."

भाऊजींची बायको हे सगळं भाजी निवडत ऐकत होती. "अहो, तुम्हीही एक आकडा ठोकून द्या आणि मोकळे व्हा. एवढ्या जणांनी ठोकलाय."

"आकडा ठोकत नसतात," भाऊजी दुखावून म्हणाले. "आकडा काढतात."

"मग काढा. पण नवी पँट घालून काढू नका."

इथे भाऊजींच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून निघाला. ते पाणीपुरवठा खात्याच्या मीटर विभागात होते. घराघरात पाण्याचे मीटर बसवणं, वाचणं, बंद पडला तर "बंद पडला आहे" असं प्रमाणित करणं. नळीतून जाणारा कुठलाही पातळ पदार्थ हा आपला विषय आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यामुळे ज्या क्षणी ते निळीच्या पोटात वाकले आणि टाकीकडून इंजिनाकडे जाणारी नळी त्यांना दिसली, त्या क्षणी त्यांच्या मनात जो विचार आला तो जगात आणखी कुणाच्या मनात आला नसता.

इथे पाण्याचा मीटर बसवायचा.

भांडार

"जुना मीटर मिळेल," खात्याचा भांडारपाल म्हणाला, "पण जोडणीशिवाय मीटर बाहेर जात नाही. जोडणीला इमारत लागते. हा घ्या अर्ज."

"इमारत नाहीये. बोट आहे."

"अर्जात बोट नाहीये. इमारत आहे."

भाऊजी खोटं लिहिणाऱ्यातले नव्हते. त्यांनी अर्ज भरला तो असा:

इमारतीचे बांधकाम : लाकडी.
मजले : एक. त्याखाली अर्धा.
टाकी गच्चीवर की तळाशी : तळाशी.
इमारतीभोवती पाणी साचते काय : होय.
साचत असल्यास वर्षातून किती दिवस : सर्व.
शेजारील इमारती : रोज बदलतात.
इमारत कलली आहे काय : कधी डावीकडे, कधी उजवीकडे.

एक अक्षर खोटं नव्हतं. घोटाळा झाला तो त्यामुळेच. भांडारपालानं शिक्का मारला, मीटर दिला, "यात पाणीच घाला हं" असं सवयीनं बजावलं, आणि अर्ज नियमाप्रमाणे पुढच्या टेबलावर सरकवला. पुढचं टेबल इमारत सुरक्षा विभागाचं होतं. पण त्या टेबलाला जाग यायला वेळ लागतो, तोवर आपण पुढे जाऊ.

आकडा पाचवा (हा खोडायचा आहे, पण आधी वाचावा लागेल)

धक्क्यावरच्या मेस्त्रीनं मीटर बसवला. बसवताना तो एक शब्दही बोलला नाही. हसू दाबायला तोंड बंद ठेवावंच लागतं. मोजणी बोट बांधलेली ठेवूनच करायची, असं भाऊजींनी सुचवलं. "स्थिर परिस्थितीत अचूकता वाढते," ते म्हणाले. खरं कारण पोटात होतं.

इंजिन सुरू झालं आणि मीटरचा काटा भिंगरीसारखा फिरू लागला. भाऊजींनी इतक्या वर्षांत असा काटा एकदाच पाहिला होता, आणि त्या घरात तळमजल्यावर चोरून धुलाई केंद्र चालत होतं.

त्या संध्याकाळी मेहुण्याच्या घरी सगळे जमले. भाऊजींना खुर्ची मिळाली. त्यांनी घसा साफ केला.

"तासाला आठ बादल्या."

वहिनींनी डोळ्यासमोर आठ बादल्या मांडल्या असाव्यात, कारण त्यांची नजर जमिनीवरून डावीकडून उजवीकडे गेली. मेहुणा उठला, मोरीत गेला आणि धुतलेले हात पुन्हा धुऊन आला.

"बरं," तो म्हणाला. "हिरवी बघू उद्या."

बस, एवढंच. वाद नाही, "भाऊजींना काय कळतं" नाही. भाऊजी वादाची पूर्ण तयारी करून आले होते. वाद झाला असता तर ते जिंकून समाधानानं घरी गेले असते. कुणी भांडलंच नाही म्हटल्यावर आकडा त्यांच्याच गळ्यात पडला, आणि तो जड होता.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "त्यानं ऐकलं माझं."

"मग? ऐकावं म्हणूनच सांगितलंत ना?"

"हो. पण त्यानं खरंच ऐकलं."

बायकोनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अहो, तुमची खात्री आहे ना त्या आकड्याची?"

आता, भाऊजींच्या धंद्यात एक नियम आहे. घरातली माणसं पिऊ शकतील त्याहून जास्त पाणी मीटरमधून गेलं, तर एक तर गळती आहे किंवा चोरी आहे. आठ बादल्या तासाला. बांधलेल्या बोटीत. गळती असती तर सगळे जण गुडघाभर डिझेलमध्ये उभे असते. मग चोर कोण?

सकाळी कचेरीत जाण्याऐवजी भाऊजी धक्क्यावर गेले, निळीच्या पोटात शिरले, आणि गुडघ्यांवर बसून (नव्या पँटीत) इंजिनापासून नळी चाचपत निघाले. एक नळी टाकीकडून येत होती, ती त्यांची. पण इंजिनाच्या पलीकडच्या अंगानं दुसरी एक बारीक नळी निघाली होती. मालकाला इंजिन सुरू करायला लावलं तशी ती हाताला कोमट लागू लागली. ते तिच्या मागे मागे गेले. ती वळली, तेही वळले. ती टाकीत शिरली. ते शिरू शकले नाहीत, पण त्यांना कळलं.

इंजिन म्हणजे ताटात भसाभसा वाढून घेणारं आणि उरलेलं पुन्हा पातेल्यात टाकणारं कार्टं होतं. घरात असं कुणी केलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता. मीटरनं वाढून घेतलेलं मोजलं होतं. परत टाकलेलं मोजलंच नव्हतं.

चोर सापडला. तो भाऊजींचाच आकडा होता.

माघार कशी घ्यावी

रस्ताभर त्यांनी वाक्यं जुळवली. "काल दिलेला आकडा तत्त्वतः बरोबर असून..." हे एक. "नव्यानं हाती आलेल्या नळीच्या प्रकाशात..." हे दुसरं. मेहुणा हिरवी बघायला निघण्याच्या बेतात होता. वहिनी दारात होत्या.

"वहिनी, कालचा आकडा जरा अपुरा होता."

"म्हणजे चूक होता."

"एका बाजूनं पाहिलं तर..."

"भाऊजी."

"चूक होता."

मेहुण्यानं पायात अर्धवट घातलेली चप्पल तशीच राहू दिली. त्याच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते बघून भाऊजींना एकाच वेळी फार बरं आणि फार वाईट वाटलं.

"दुसरा मीटर लावला की नक्की सांगतो," ते घाईनं म्हणाले. "गेलेलं वजा आलेलं. पुन्हा बांधूनच मोजू."

"बांधून मोजलेला आकडा बांधलेल्या बोटीचा असतो," वहिनी म्हणाल्या. "ती मी पाहिलीये. समुद्रात नेऊन मोजा. मी येते. तुम्ही पण."

भाऊजींच्या पोटानं तिथल्या तिथे नकार दिला. तोंडानं "अर्थात" म्हटलं.

एका इमारतीला दोन मीटर मिळत नाहीत, पोटभाडेकरू असेल तरच मिळतात, असं भांडारात कळलं. भाऊजींनी खूप विचार केला आणि अर्जात पोटभाडेकरू म्हणून "परतीचे डिझेल" असं लिहिलं. भांडारपालानं आडनाव आधी लिहायला सांगितलं.

दुसरा मीटर घेऊन ते मेहुणा-वहिनींसह धक्क्यावर पोचले तर मालक केबिनसमोर थयथयाट करत होता. पुढच्या टेबलाला जाग आली होती. निळीच्या केबिनवर पांढरा कागद चिकटवलेला: सदर लाकडी इमारत कायमस्वरूपी पाण्यात असून दोन्ही बाजूंस कलते. राहण्यास धोकादायक. रहिवाशांनी तात्काळ खाली उतरावे.

"खाली उतरावे! कुठे, पाण्यात?" मालक ओरडत होता. "माझ्या पोरीसारख्या बोटीला इमारत म्हणतात! धक्कावाले दुपारपासून येऊन वाचून हसतायत. साहेब, तुम्ही काय मोजायचंय ते आज मोजा. संध्याकाळी हो की नाही सांगा. दुसरं गिऱ्हाईक दारात आहे."

दुसरं गिऱ्हाईक नेहमीच दारात असतं. तरी मेहुण्याचा चेहरा उतरला.

आकडा सहावा आणि सातवा

मेस्त्रीनं दुसरा मीटर परतीच्या नळीवर चढवला आणि निळी बंदराबाहेर पडली. मेहुणा सुकाणूवर, वहिनी त्याच्या मागे, मालक नाकाकडे तोंड फिरवून रुसलेला. भाऊजी खाली, इंजिनाशेजारी, दोन मीटरांच्या मध्ये. खालून समुद्र दिसत नव्हता, ही सोय होती. समुद्र दिसत नसताना हलत होता, ही गैरसोय.

गेलेलं बघायचं. आलेलं बघायचं. वजा करायचं. मग डोळे मिटून एखाद्या स्थिर वस्तूचा विचार करायचा. भाऊजींनी कचेरीतल्या कपाटाचा विचार केला. कपाटही हलू लागलं.

"किती?" वरून वहिनींची हाक.

"तीन!" भाऊजी ओरडले. "तीन बादल्या, थोडं वरच!"

थोड्या वेळानं इंजिनाचा सूर बदलला, खोल आणि सावकाश झाला. गेलेलं, आलेलं, वजा. भाऊजींनी पुन्हा वजाबाकी केली. मग मीटरच्या काचेवर बोटानं टिचक्या मारल्या, जशा ते लोकांच्या घरी मारत.

"एक!" ते ओरडले. "एक आणि पाव! काय बिघडलं?"

"काही नाही बिघडलं!"

"मग केलंत काय?"

"काही नाही! तो जाळ्याची कप्पी बघायला गेलाय. सुकाणू मी धरलंय!"

भाऊजींनी दोन्ही काटे पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाले, "त्याला परत द्या बघू."

तीन. थोडं वरच.

"आता तुम्ही धरा."

एक आणि पाव.

भाऊजी शिडीवरून डोकं बाहेर काढण्यापुरते वर आले. पुढे लांबवर एक तांबडी बोट चालली होती. सुकाणू पुन्हा मेहुण्याकडे आलं होतं. त्याची नजर तांबडीच्या पाठीवर खिळली होती, आणि त्याचा उजवा हात, त्याला न विचारता, वेगाचा दांडा पुढे सारत होता. अलगद, झोपेत पांघरूण ओढावं तसा. निळीनं नाक वर केलं. खाली इंजिन गुरगुरलं. तांबडी जवळ आली, शेजारी आली, मागे पडली. मग क्षितिजापाशी आणखी एक ठिपका दिसला आणि हात पुन्हा निघाला.

पाण्याच्या खात्यात नोकरी करून भाऊजींना एक गोष्ट पक्की कळली होती: घर पाणी पीत नाही, माणसं पितात. ती त्यांना इतके दिवस इथे कशी आठवली नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

मेहुण्यानं इंजिन मंद केलं. दोघं त्यांच्याकडे बघत होते. आता सांगायचं होतं. "सव्वा" म्हटलं की निळी घरात येणार. "तीन" म्हटलं की जाणार. दोन्ही आकडे मीटरवर होते आणि दोन्ही खरे होते. भाऊजींचा चेहरा हिरव्या बोटीच्या रंगाचा झाला होता.

"वहिनींच्या हाती सव्वा," ते म्हणाले. "याच्या हाती तीन. समोर कुणी दिसलं तर वर."

मालक फिरला. "साहेब, सव्वाच धरा! बोट सव्वाचीच आहे!"

"बोट आहे," भाऊजी म्हणाले. "हा नाहीये."

इतक्या वर्षांत सासरच्या माणसाला भाऊजींनी प्रथमच असं तोंडावर काही सांगितलं होतं. मेहुणा चिडेल म्हणून त्यांनी शिडीची पायरी घट्ट धरली. दुसऱ्या कारणासाठीही ती धरणं भागच होतं.

मेहुणा दांड्याकडे बघत राहिला.

"हळू चालवीन, असं म्हणू शकतो मी," तो म्हणाला. "थोडे दिवस चालवीनही."

"मी येत जाईन," वहिनी अचानक म्हणाल्या. "निळी घेऊ. मी येत जाईन ना तुझ्याबरोबर."

"पाच-पाच दिवस? आणि पोरांना कोण, ही बघणार?" त्यानं तांबडीकडे हात केला. मग हसला, फार नाही. "पुढे कुणी असलं की माझा हात जातोच गं. तू मागे बसून तो किती वेळा धरशील? हिरवी घेऊ. तिला कितीही दामटली तरी ती पळायची नाही. मग मीही गप्प बसेन."

वहिनींना जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्या ते हातात कसं धरावं हे न कळल्यासारख्या उभ्या होत्या. मालकानं "दुसरं गिऱ्हाईक" एवढं म्हटलं, पण कुणी तिकडे बघितलं नाही. निळी लाटेवर वर गेली, खाली आली.

"चला परत," मेहुणा म्हणाला आणि सुकाणू सोडून बाजूला झाला. "तू घे. सव्वानं जाऊ."

वहिनींनी सुकाणूला हात लावला नाही.

"तूच ने," त्या म्हणाल्या. "आणि ने तुला न्यायची तशी. आज डिझेल यांचं आहे."

"अहो ताई!" मालक ओरडला.

पण मेहुण्याचा हात आधीच पोचला होता. निळीनं नाक उचललं आणि ती अशी सुटली की तांबडी, तिच्या पुढची, आणि तिच्याही पुढची, सगळ्या एकामागून एक मागे जाऊ लागल्या. वरून वहिनींचं हसणं ऐकू आलं. भाऊजींनी ते आजवर ऐकलं नव्हतं. मग हाक आली: "भाऊजी, मीटर बघू नका हं!"

भाऊजी खाली दोन भिंगऱ्यांमध्ये बसले होते. त्यांनी खिशातून घडीचा रुमाल काढला, उलगडला, आणि मोठ्या आदबीनं दोन्ही काचांवर पसरला. खात्यात असं करणं हा गुन्हा होता.

पण पुढच्याच लाटेला त्यांना रुमाल परत उचलावा लागला. दुसऱ्या कामासाठी.